पंचनाम्याआधीचं पाणी

बाबा,

लेकीला पोहायच्या क्लासला सोडलंय आणि वर काचेमागच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय. इथे नेदरलँड्समध्ये जिकडेतिकडे कालवे, त्यामुळे पोरांना धड वाचता येण्याआधी पोहायला शिकवतात. आईबापांनी मात्र काचेच्या या बाजूला बसून नुसतं बघायचं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तेही काही चांगलं सांगायला नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट झालीय. तुम्ही असतात तर मला समोर बसवून, चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "आता पहिल्यापासून सांग." तर पहिल्यापासून सांगते.

तुम्ही आयुष्यभर वनरक्षक म्हणून कोकणातली जंगलं पायी हिंडलात. मी इथे लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, की मीही बाबांचंच काम करते, फक्त वरून. रॉटरडॅमला लागून कापेल म्हणून गाव आहे, तिथे माझं ऑफिस. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम नावाचा देश आहे, त्यातलं बहुतेक सगळं घनदाट पावसाळी जंगल. तिथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी आमची एक योजना आहे. आपापल्या वाट्याचं जंगल राखायचं, म्हणजे घरातल्या बाईच्या नावावर दर महिन्याला मदत जमा होते. जंगल राखलं की नाही ते उपग्रहाच्या फोटोंवरून ठरतं, आणि ते ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला. झाडांचं छत शाबूत असेल तर नकाशावर त्या घराचा चौकोन हिरवा, भगदाड पडलं तर लाल. लाल झाला की मदत थांबते. गरिबाचं पोट आणि जंगल एकाच दोरीने बांधलं म्हणून काय मिरवलं मी! लेक एकदा मांडीवर येऊन बसली, ते लाल चौकोन बघितले आणि डचमध्येच विचारलं, कारण माझं मराठी तिला सगळं कळतं पण उत्तर मराठीत येत नाही: "आई, तू पोलीस आहेस का?" मी हसले. म्हटलं, "नाही गं, मी झाडांची राखणदार."

तुमची एक रीत होती. कुणी झाड तोडल्याचं कळलं की तुम्ही आधी बुडखा बघायला जायचात, त्यावरून हात फिरवायचात, आणि तिथून सरळ त्या माणसाच्या घरी. ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मगच पंचनाम्याची वही उघडायची. नवे गार्ड हसायचे. एकाने तर तोंडावर विचारलं होतं, "चोराच्या घरचं पाणी पिता?" तुम्ही म्हणालात, "पाणी प्यायला बसलं की घर दिसतं." मला तेव्हा वाटायचं, बाबांना चालून चालून तहान लागते, दुसरं काय!

मी नऊ वर्षांची असताना घडलेलं तुम्हाला आठवत असेलच. मे महिना होता. वाडीतल्या एका मावशीने ऐनाच्या झाडाच्या फांद्या उतरवल्या होत्या. त्या वाळवून भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर पसरायच्या आणि भाजायच्या, म्हणजे रोप जोमाने येतं. अख्खी वाडी तेच करायची. झाड मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. मला काय ठाऊक? मोठे साहेब जीप घेऊन आपल्या क्वार्टरवर आले, चहा पिता पिता मला म्हणाले, "काय गं, मोठी झाल्यावर बाबांसारखं जंगल राखणार का?" आणि मी दीडशहाणी सांगून मोकळी झाले, "आत्ताच राखते. त्या मावशीने ऐन तोडला, मी बघितलं." तुमच्या हातातला कप बशीवर वाजला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. साहेबांच्या कानावर गेलेली गोष्ट, तुम्हाला पंचनामा करावाच लागला. मावशी खात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायला जायची. जंगल राखणाऱ्या घरांतल्या बायकांनाच ते काम मिळायचं. तिचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिच्या घरी नेलंत. मला वाटलं होतं मावशी आरडाओरडा करेल, शिव्या देईल. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. "लेकराला काय कळतंय, गार्डसाहेब," म्हणाली, आणि आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. तुम्ही निम्मं प्यायलात आणि तांब्या माझ्या हातात दिलात. येताना उतारावर सायकल थांबवून एवढंच बोललात, "तू खोटं नाही बोललीस. पण तू फांदी बघितलीस, मावशी नाही बघितलीस." दोन धपाटे घातले असतेत तर बरं झालं असतं.

आता इथलं. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या एका गावाशी व्हिडिओ कॉल होता. सुरिनाममध्ये शाळेत डच शिकवतात, त्यामुळे मधे दुभाषा नव्हता. माझी डच परीक्षेपुरती शिकलेली, त्यांची लहानपणापासूनची. स्क्रीनवर एक बाई बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, डोक्याला फडकं बांधलेलं, मागे कोंबड्या. कसं काय, बरं आहे ना, असलं काही तिने विचारलं नाही. म्हणाली, "बाईसाहेब, आमच्याकडे बघायला कोण आलं होतं?" मी म्हटलं, उपग्रहाचे फोटो असतात. तिने मान हलवली. "ते नाही. कोण आलं होतं?"

कोणीच गेलं नव्हतं, बाबा. तिचा चौकोन लाल झाला, मी यादीवर सही केली, मदत थांबली, आणि मी चार वाजता सायकल काढून लेकीला शाळेतून आणायला गेले. ती बाई सांगत होती ते असं: लाल झालेला तुकडा तिच्या आईचं जुनं शेत. ते लोक एका तुकड्यावर काही वर्षं कसाव्याचे कंद लावतात, मग तो तुकडा रान वाढायला सोडून देतात, आणि बऱ्याच वर्षांनी फिरून त्याच जागी येतात. का, तर मागच्या उंच जंगलाला हात लावावा लागू नये म्हणून. माझ्या प्रोग्रामला मधल्या वर्षांत वाढलेलं रान दिसलं, ते जंगल वाटलं, आणि ते साफ केल्यावर जंगलतोड वाटली. जंगल वाचवायची जी तिची रीत, तीच मी गुन्हा म्हणून लिहिली. ऐकताना ऐनाच्या फांद्या डोळ्यांपुढे आल्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला तोंड दाखवलं असतं. मदत बंद झाल्यावर तिच्या नातीची शाळा सुटली, कारण शाळा नदीच्या खालच्या अंगाला आणि होडीला पेट्रोल लागतं. बाईने वाट बघितली, दोन अर्ज पाठवले, कुणी उत्तर दिलं नाही. मग लाकडाचा व्यापारी करवत घेऊन दारात आला. "तुम्ही मला चोर लिहूनच ठेवलं होतं," ती म्हणाली, "मग मी म्हटलं, घेऊन जा." तिच्या आजीने, आईने आणि तिने जपलेली ती उंच झाडं गेली. कॉल संपल्यावर मी नवीन फोटो उघडून बघितला. चौकोन लालच होता, आणि या वेळी खरोखरचा लाल.

मी साहेबाकडे गेले. इथे साहेब म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात, पण साहेब तो साहेबच. माणूस वाईट नाही. कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पहिला लाल आपल्या चुकीचा, तो काढू. दुसरा तिचा. झाडं खरंच तोडलीत." मी म्हटलं, पहिला नसता तर दुसरा झालाच नसता. तो म्हणाला, "मान्य. पण हे नियमात कुठे बसवू?" आता नवीन नियम झालाय, मदत थांबवायच्या आधी गावातल्याच एका माणसाने जाऊन प्रत्यक्ष बघायचं, घरच्यांशी बोलायचं. मीच सुचवला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. कौतुक, बाबा! लाज वाटली मला. तिची मदत बंद ती बंदच.

खाली शिट्टी वाजली, क्लास संपत आला. लेक पाण्यातून हात करतेय, मीही काचेतून केला. हे पत्र घरी गेल्यावर तुमच्या रानातल्या डायरीत ठेवीन, ती मी इथे घेऊन आलेय. पुढच्या महिन्यात मी सुरिनामला जातेय. कागदावर कारण असं, की गावांना नवीन पद्धत समजावून द्यायची. त्या बाईला निरोप पाठवला होता, तुमच्याकडे यायचंय, येऊ का? तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, "या." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ती बोलेल, रागावेल, त्याची भीती नाही वाटत. भीती वाटते ती याची, की ती काही न बोलता आत जाईल आणि पाणी घेऊन येईल.

कारण त्या दिवशी मी मावशीकडे पाणी प्यायलेच नव्हते. तांब्या तोंडाला लावला, ओठ घट्ट मिटून धरले, गिळल्यासारखं केलं आणि परत दिला. खरं बोलूनही मलाच इथे का आणलं, म्हणून तुमचा राग आला होता, तिचाही आला होता. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "झालं. चल, बस सायकलवर." तुम्ही गेलात तेव्हाही तुम्हाला हेच वाटत होतं, की मी ते पाणी प्यायलेय.