वाऱ्याची चाळणी

निफाड, मळ्यातून
ता. ५ मे २०२५

चि. योगिनीस,

आजी नवसाबाईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तुझा बाप सोडून.

फोन सोडून पत्र का, तर मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनवर ओरडते, आणि मी ओरडले की तुझ्या बापाला, गोरक्षला, पार विहिरीवर ऐकू जातं. ही गोष्ट त्याला कळायला नको. संतोष रोज पहाटे भाजीची पिकअप घेऊन नाशिकला येतो, त्याच्याजवळ मेथीच्या पिशवीत हा कागद घालून देते. पिशवी परत धाडशील तेव्हा उत्तर घाल. दुसरीपर्यंत शिकले आहे, तेव्हा काना-मात्रा मोजत बसू नको.

तर ऐक. काल जेवताना तुझा बाप तुझ्या आईला, मनीषाला, सांगत होता की पोरीची गाडी आता विकायची. एसी वारा फेकत नाय, आत कुबट वास मारतो, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यानं समोरचं सगळं उघडून साफ करायचा जो खर्च सांगितला, तो ऐकून त्याच्या घशाखाली घास उतरेना. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी पुढल्या सोमवारी गाडी बघायला येणार. तू म्हणे दवाखान्यात बसून पगार घे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायची काय गरज? मी विचारलं, ती शेक द्यायची जड मशीन पोरगी स्कूटीवर कशी नेईल? तर म्हणाला, आई, तू भाकर खा. मी खाल्ली. पण मी गप बसले असं त्यानं समजू नये.

बापानं आपली जुनी गाडी तुला दिली तेव्हा एवढंच ठरलं होतं, की सांभाळायची तू. मग सांभाळ. रडत बसू नको, रडलीस की नाक सुजतं आणि थेट तुझ्या आईसारखी दिसतेस. वारा येत नाय म्हणजे कुठं तरी तुंबलं आहे. आपलं ठिबक तुंबलं तर आधी फिल्टर उघडून बघतो, कंपनीचा माणूस नाय बोलवत. गाडीला असलं काही असतं का, ते बघ.

लोभ ठेव, आणि पिशवी परत पाठव. मागच्या दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझी आजी

*

इंदिरानगर, नाशिक
ता. ७ मे

ती. आजीस,

योगिनीचा वाकून नमस्कार. मेथी मिळाली, बोलणीही मिळाली. तिन्ही पिशव्या परत पाठवते आहे.

आजी, तसलं खरंच असतं गं! समोर कागदपत्रं ठेवायचा खण असतो ना, त्याच्या मागे. खण दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडायचा, दोन क्लिपा काढायच्या, की एक चपटी चौकट हातात येते. बाहेरचा वारा तिच्यातून गाळून आत येतो. व्हिडिओ बघत काल पार्किंगमध्ये काढली. वॉचमनला वाटलं मी कुणाची तरी गाडी फोडते आहे.

आणि आत काय निघालं असेल? कांद्याची टरफलं! मूठ-मूठभर. वर कडुनिंबाचा पाला आणि काळी धूळ. माझ्याकडे गाडी येऊन वर्ष झालं, मी कधी कांद्याची गोणी ठेवलेली नाही. बाबा मात्र इतकी वर्षं लासलगावला लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरांच्या मध्ये एसी लावून बसायचे. सर्व्हिसला दिली की म्हणायचे, फक्त ऑइल बदला, बाकी कशाला हात लावू नका.

आता दोनच वाटा. सेंटरला द्यायची तर गाडी दिवसभर अडकते आणि माझे पेशंट बुडतात. स्वतः बदलायची तर चौकट साध्या ब्लाउजपीसच्या भावात मिळते, पण हे मॉडेल जुनं, इथल्या दुकानात नाही. मागवली तर सोमवारनंतर येणार. तोवर व्यापारी गाडी घेऊन जाईल. काय करू?

बीपीची गोळी घेतेस का? मम्मीला विचारेन, तुझ्यावर विश्वास नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी योगिनी

*

निफाड
ता. ८ मे

चि. योगिनीस आशीर्वाद.

गोळी घेते. तुझ्या आईला विचारायचं कारण नाय.

यात विचार कसला करतेस? ठिबकचा फिल्टर आपण दर आठवड्याला धुतो की नाय? बादलीत पावडर टाक, ती चौकट त्यात घाल, दोन हिसके दे, उन्हात वाळव आणि घाल परत. मे महिना आहे, घटकाभरात वाळेल. नवी कशाला मागवायची? शिकलेल्या पोरींना प्रत्येक गोष्ट खोक्यातून आलेली लागते.

टरफलांचं वाचून मी एकटीच हसले, तर मनीषाला वाटलं मला वारं लागलं. गोरक्षला काही बोलले नाय. पण टरफलं टाकू नको. पिशवीत बांधून ठेव, माझ्या कामाची आहेत.

काम कर आणि कळव. लोभ काय, तो कुठं जात नाय.

तुझी आजी

*

नाशिक
ता. १० मे

ती. आजीस,

नमस्कार, पण या खेपेला जरा कमी वाकून.

ती चौकट कागदाची होती! तू सांगितलंस तशी बादलीत घातली, तर घड्या सुटून तिचं भिजलेलं पापडाचं पीठ झालं. जे उरलं ते वाळलं असं समजून मी बसवलं. दुपारी माझ्या पेशंट सरुबाईंना व्यायाम करवून त्यांच्या लेकीकडे सोडायला निघाले, एसी लावला आणि गाडीभर नासक्या कांद्याचा वास. सरुबाईंनी दोन चौक पदर नाकाला लावला. मग म्हणाल्या, पोरी, डबा सांडला असेल तर लाजू नको.

शेवटी त्याच सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला माणूस भला निघाला. म्हणाला, मॅडम, कागद कुणी धुतं का? मी म्हटलं, माझी आजी. त्याच्याकडे एक शिल्लक होती. गाडी ठेवा म्हणून आग्रह नाही केला, काउंटरवरच दिली, बाणाची बाजू कशी ठेवायची तेही सांगितलं. कदाचित आत उघडून साफ करायची गरजच पडणार नाही, आधी ही घालून बघा, म्हणाला. घातली. आजी, असा वारा सुटला की समोरच्या पावत्या मागच्या सीटवर! खिडक्या उघड्या ठेवून फिरवली, वासही गेला.

आणि मग लक्षात आलं. आता गाडी चांगली झाली, म्हणजे व्यापाऱ्याला आवडणारच. मी माझ्याच हाताने ती विकायला तयार करून ठेवली! बाबांनी सांगितलंय म्हणून उद्या रविवारी गाडी घेऊन येते, टरफलांची पिशवीही आणते. तुला चौकट कशी बसते तेही दाखवते. सोमवारी सकाळी पेशंट आहेत, त्यामुळे गाडी तिथेच ठेवून रात्री एसटीने परत. पुढचं तुझ्यावर सोपवते.

रागावले असले तरी तुझीच,
योगिनी

*

निफाड
ता. १२ मे, रात्री

चि. योगिनीस,

आशीर्वाद घे आणि बसून वाच.

कागद कुणी धुतं का म्हणणाऱ्याला सांग, ठिबकवाला तरी फिल्टर धुवायच्या लायकीचा देतो. असो.

व्यापारी दुपारी आला. त्याच्या आधी मीच तुझ्या गाडीत मागं जाऊन बसले. गोरक्षनं एसी लावला आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. व्यापारी खूश, लगेच किमतीला आला. गोरक्षनं मला उतरायला सांगितलं. मी म्हटलं, गुडघे धरलेत, उतरवत नाय, माझी नात आली की उतरवेल. व्यापाऱ्याला म्हटलं, घ्यायची तर माझ्यासकट घ्या, सकाळी चहा दोनदा लागतो.

मग सुपात तुझी ती टरफलं काढून गोरक्षसमोर धरली. विचारलं, ही कुणाची? तुझी का पोरीची? गाडी सांभाळायची असं ठरलं होतं. तू सांभाळलीस की तिनं? गाडी बिघडली म्हणून विकत होतास, आता कशापायी विकतोस? त्यानं सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि व्यापाऱ्याला म्हणाला, गाडी द्यायची नाय. एवढंच. मग गोठ्याकडं गेला, काही काम नसताना.

व्यापारी फुकटच्या खेपेनं चिडला होता. पण टरफलं बघून मला हळूच विचारलं, माझ्या गाडीतपण हे असेल का? तू काल दाखवलं होतंस, म्हणून मीच त्याच्या गाडीचा खण उघडला. तुझ्यापेक्षा जास्त टरफलं निघाली. चौकट झटकली आणि बसवून दिली, धुतली नाय. खण नीट बंद होईना, म्हणून सुतळीनं बांधला. तो गेल्यावर माझ्या हातात एक क्लिप उरली. गाडी चालू झाली म्हणजे नसली तरी चालत असेल, पण रविवारी लासलगावला जाऊन लावून ये. गाडीनंच जा.

हे पत्र मेथीत शोधू नको. संतोष उद्या येणार नाय. हा कागद तुझ्या हाती देणारा तुझा बाप आहे, तुझी गाडी तुझ्या दारी लावायला आलाय. एसटीनं परत जायचा आहे, त्याआधी त्याला जेवायला घाल. आणि गाडी विकत का नाय असं मुळीच विचारू नको. एवढंच विचार, की वाटेत एसी लावला होता का.

लोभ वाढव. पिशवी पाठव.

तुझी आजी
नवसाबाई