अण्णांच्या पायातली नळी

॥ श्री ॥
वसमत, ५ जून २००६

चि. जान्हवीस, वैतागलेल्या काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून पत्र. तू कृत्रिम रक्तवाहिन्यांवर लेप चढवतेस, हे गावभर मीच मिरवलं. पण त्या लेपातलं औषध डुकराच्या आतड्यातून काढतात, हे स्वतःच्या बापाला कळवायची काय घाई होती? चाळीस वर्षं देवळाची पूजा करणारा माणूस तो! वीस तारखेला हैदराबादला त्याच्या पायात तशीच नळी बसवायचं ऑपरेशन ठरलेलं. तुझं पत्र वाचून अण्णांनी भरलेली पिशवी उपसली. मांडीत डुक्कर घेऊन गाभाऱ्यात जाणार नाही म्हणतात.

वराह हा विष्णूचाच अवतार, अशी मी आठवण दिली. अवताराचं आतडं कुणी काढत नाही, असं उत्तर मिळालं.

अंगठा काळा पडत चाललाय. उशीर झाला तर पाय गुडघ्यातून जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तांड्यावरचा नेमसिंग, अण्णांचा शाळासोबती, विचारून गेला की महाराज, पायच न्हाई राहिला तर देवळात कशानं जाता? अण्णांनी त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं.

बिनलेपाची नळी चालते का, ते कळव. काकूनं लोणचं धाडलंय. बरणी परत हवी.

तुझा,
राधाकृष्णकाका

पुणे, ९ जून २००६

ति. काकांस, जान्हवीचा साष्टांग नमस्कार.

अण्णांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलू नये हे त्यांनीच शिकवलं. आता भोगू दोघंही.

स्वतःची शीर सर्वांत उत्तम, पण त्यांच्या शिरा फुगून निकामी झाल्यात. बिनलेपाची नळी बसते. पण रक्त परक्या वस्तूला लागलं की गोठतं, लेप तेच रोखतो; त्याच्याशिवाय गुडघ्याखाली नळी लवकर बुजते. शिवाय लेप टाळला तरी ऑपरेशनमध्ये तेच औषध शिरेतून देतात. हे मी त्यांना लिहिलं नव्हतं, एवढं श्रेय तरी माझ्या पदरात घाला.

त्यांना विचारा, रोज ओठांना लावतात तो शंख कुणाचं घर होतं? रेशमी सोवळ्यासाठी किती किडे उकळले? प्राण्याचा अंश नसलेला लेप आम्ही करतोय, पण त्याला वर्षं लागतील. अण्णांच्या पायाकडे मोजकेच दिवस आहेत.

बरणी मिळाली, अर्धी संपली. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
जान्हवी

वसमत, २ ऑगस्ट २००६

चि. जान्हवीस, झोपमोड झालेल्या काकाचे आशीर्वाद.

तुझा शंखाचा प्रश्न मी अण्णांना वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. पाय वाचला, हे तुला ठाऊकच आहे. परतताना गाडीत मी हळूच हात लावून पाहिला, ऊबदार होता.

अट मात्र घरी आल्यावर सांगितली. शंखाचं पूर्वजांनी ठरवलं, नळीचं ते स्वतः ठरवणार; गाभाऱ्यात पाऊल टाकणार नाहीत. म्हणजे पूजा माझ्या गळ्यात! पहाटे चारला गार पाण्यानं अंघोळ. तुझ्या नळीच्या जोरावर अण्णा देवळाच्या अकरा पायऱ्या चढतात, उंबऱ्याबाहेर बसतात आणि चुका काढतात. फूल शिळं आहे, धार तुटली, घंटा उगाच बडवली. लेप असला तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत हे तेवढं पाळतात.

काल मी वैतागून म्हटलं, आत येऊन स्वतःच करा. त्यांचा हात उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागे आला.

घरी येताना त्यांनी विचारलं, जान्हवीचा तो दुसरा लेप कधी होईल. मी म्हटलं, पाच वर्षं, कदाचित दहा. त्यांनी मनाशी हिशोब केला आणि तुला लिहायला सांगितलं की तोवर ते पाय जपतील, नवी नळी बसली की उंबरा ओलांडतील.

आशीर्वाद आहेतच. पण आधी कामाला लाग.

तुझा,
राधाकृष्णकाका