कपाटातली दरड

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
८ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप गं. भा. अहिल्याअक्कास,

भालचंद्राचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही तिघं खुशाल, म्हणजे परवा कपाटातून दरड कोसळली तीत कोणी दगावलं नाही, एवढ्या अर्थाने. (प्रभाचं तीन वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं दगावलं.) सहा वर्षांनी माझं पत्र पाहून चकित होशील, पण सगळं सांगितल्याशिवाय तुला समजायचं नाही. मला तर सांगूनही समजलेलं नाही.

झालं असं की वीणाने कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलंय आणि मी तिला तोंडी प्रश्न विचारायला बसतो. वाळू साठते, दबते, तिचा दगड होतो, तो गाळाचा खडक, इथवर पटलं. मग रविवारी तिने मला हिंदूरावच्या टेकडीवर नेलं. तिथला दगड मुळात वाळूचाच, पण पुढे इतका दाबला नि तापला की आता त्याला गाळाचा म्हणायचं नाही! (आमच्या सेक्शनमध्ये बढती मिळालेल्यांचंही असंच होतं.) वय विचारलं तर म्हणाली, दीडशे कोटी वर्षं, दहा-वीस कोटी इकडेतिकडे. माझ्या जन्मतारखेत चार दिवसांचा फरक निघाला तेव्हा ऑफिसने दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता.

एक नियम तेवढा डोक्यात शिरला: खालचा थर जुना, वरचा नवा. तो ताडून पाहायला स्वयंपाकघरातलं भिंतीतलं कपाट उघडलं. प्रभा दर दिवाळीला फळीवर नवं वर्तमानपत्र अंथरते, जुनं न काढता. बारा दिवाळ्यांचे थर! वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी भिंतीतून झिरपून तळचे कागद ओले झालेले. मी नेमका तळचाच ओढला. "बाबा, पायथा नका काढू, यार!" वीणा ओरडली (बापाला यार म्हणते, दिल्लीचं पाणी), तोवर कागद, डबे, बरण्या माझ्या अंगावर. प्रभाने येऊन पाहिलं आणि फक्त "अच्छा" म्हणाली. इतक्या शांतपणे मला कोणी कधी झापलं नव्हतं.

त्या ढिगाऱ्यात तुझं निळं आंतर्देशीय पत्र सापडलं, अडुसष्टच्या चैत्रातलं. भाऊजी गेल्यावर तू लिहिलं होतंस, घर खायला उठतं, महिनाभर तुझ्याकडे येऊ का? माझं उत्तर गेलं नाही आणि तूही पुन्हा लिहिलं नाहीस. पण अक्का, पत्र सदुसष्टच्या कागदावर आणि अडुसष्टच्या कागदाखाली होतं. म्हणजे ते आलं आणि मी पाहण्याआधीच गाडलं गेलं. शास्त्रच तसं सांगतं, त्याला मी काय करू?

तुझा,
भालचंद्र

ता. क. वीणा म्हणते, दरडीत थर उलटेपालटे होतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक. पत्राच्या तिन्ही कडा कात्रीने नीट कापलेल्या आहेत. या घरात पत्र असं मीच उघडतो. वाचलं होतं, अक्का. तेव्हा दीड खोली, त्यात प्रभाची आई अंथरुणाला खिळलेली. ये म्हणवेना, नको म्हणवेना, म्हणून उद्या लिहू म्हणत फळीवर ठेवलं. फार लाज वाटते.

खोल्या अजूनही दीडच आहेत. तरी ये, आणि उन्हाळ्यापर्यंत राहा. दिवाळी तोंडावर आली तरी प्रभाने फळीवर कागद घातलेला नाही. म्हणते, आधी वन्संचं उत्तर येऊ दे, माझ्या हातात येऊ दे, मग घालते.