पहिलं पोतं

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाचवं पोतं मागच्या आठवड्यात पोचलं. वहिनीने विणलेली टोपीही मिळाली. डोक्यात शिरत नाही, तरी घालून बसलेय. तू म्हणशील, शास्त्रज्ञ झाल्यापासून ठमीचं डोकं फुगलंय. फुगण्यासारखं काही उरलं नाही रे.

पहिल्या पोत्यातल्या पानांच्या अर्काने त्या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाचे जंतू एका दिवसात मेले, तेव्हा मी फोनवर तुझ्याशी बोलताना रडले होते. पुढच्या चारही पोत्यांनी मात्र हात टेकायला लावले. तीच वेल, तीच रीत, आणि जंतू आपले मजेत. संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीने जूनपर्यंत मुदत दिलीय. तोवर पहिला निकाल पुन्हा काढून दाखवला नाही तर काम बंद. आठ वर्षं, दादा.

आमच्याकडे झाडं ओळखणारे भिंगवाले काका आहेत. त्यांना पाचव्या पोत्यात मूठभर पानं खालून लवदार सापडली. ती आपल्या वेलीची बहीण म्हणे. दिसायला हुबेहूब, पण आपल्या वेलीचं पान खालून गुळगुळीत असतं. ही भेसळच आपल्याला नडतेय, असं मला वाटतं. पानं डोंगरावरून आणलीस तरी वाळवतोस तुझ्या रोपवाटिकेत, तर तिच्या आसपास ती लवदार बया दिसेल तिथून मुळासकट काढून टाक. एकही ठेवू नकोस. आणि गुडघ्याला जप.

वहिनीला नमस्कार. रागावत राहा, पण विसरू नकोस.

तुझी ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडलं आणि कुदळ घेतली. कुंपणावर एक, पंपाच्या खोलीमागे मोठी एक, नाल्याकाठी एक. नाल्याकाठची फार हट्टी, दोन दिवस खणत होतो. मुळं वाळवून जाळली. तुझी वहिनी म्हणते, बहिणीचा शब्द म्हणजे ह्यांना हुकूम, आणि मी सांगितलेला नळ सहा महिने गळतोय.

आता पोत्यात एक पान चुकीचं निघालं तर कान धरून उभा राहीन. जेवत जा वेळेवर. फोटोत गालफडं बसलेली दिसतात.

तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एक विचारते, खरं सांग. पहिल्या पोत्याची चमचाभर भुकटी बरणीच्या तळाशी उरली होती. काल काकांनी ती सहज भिंगाखाली धरली. सगळी लवच लव. पहिलं पोतं त्या बहिणीचं होतं रे! औषध तिच्यात आहे.

त्यासोबत तू दाबून वाळवलेली फांदी पाठवली होतीस, ती गुळगुळीत पानांची. ती बघून आम्ही नाव लिहून मोकळे झालो. पोतंही तपासायचं असतं. काका म्हणालेही होते. मीच म्हटलं, दादाचं पोतं आहे, त्यात काय बघायचं.

ते कुठून भरलं होतंस? आणि एखादं मूळ तरी राहिलं असेल ना? लहानपणापासून तू एक काम धड पुरं केलेलं नाहीस. हेही अर्धवट केलं असशील तर तुझे पाय धरीन. ताबडतोब कळव.

ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

लिहायला हात धजत नव्हता. त्या दिवशी डोंगर चढलो, वरची फांदी तोडली आणि गुडघ्याने दगा दिला. पोतं रिकामंच घेऊन उतरलो. पंपाच्या खोलीमागे तीच वेल माजलेली दिसली. मला तीच वाटली गं. तिथेच पोतं भरलं, वर डोंगरावरची फांदी ठेवली आणि तुला काही बोललो नाही. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला कशाला कुरकुरायचं.

तुझं पत्र आल्यापासून रोज नाला पालथा घालतोय, डोंगरही सोडला नाही. रोपवाटिकेतले दोन जुने माळीही सोबत हिंडले. एक कोंब नाही. पंपामागे तर मागच्या महिन्यात सिमेंटचा ओटा झाला. आयुष्यात एकच काम नीट केलं बघ.

शिव्या घाल, पण बोलणं टाकू नकोस.

दादा

१७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काम बंद झालं. प्रयोगशाळेची किल्ली आज दिली.

उरलेली भुकटी आणि पाचव्या पोत्यातली ती पानं मिळून एकच प्रयोग होणार होता. केला. जंतू मेले. सगळे. टाळ्या वाजवायला आम्ही दोघंच होतो, आणि काकांनी भिंग काढून डोळे पुसले. आतलं औषध वेगळं काढून ओळखायला पोतीच्या पोती पानं लागतात. जिथे जिथे वाळवलेल्या झाडांची कपाटं आहेत, तिथे तिथे लिहिलं. कुणाकडेच ती नाही, कुठे उगवते याची नोंदही नाही. गुळगुळीत वेलीच्या नावाने छापलेला निबंध मी मागे घेतला. समितीला सगळं सांगितलं, अगदी तुला लिहिलेल्या भेसळीच्या पत्रासकट. निकाल खरा, पण वेलच नाही तर पुढे काय, असं म्हणून त्यांनी काम थांबवलं.

तू शिव्या मागतोस. कुठल्या तोंडाने देऊ? तू चुकीचं पोतं भरलंस म्हणून तर ती आपल्याला सापडली. मी शहाणपणा केला.

एक पान ठेवलं होतं. ते काल कागदावर चिकटवलं. खालच्या चिठ्ठीत गोळा करणारा म्हणून तुझं नाव घातलं. त्या जागी ही वेल आता आहे का, असा शेवटचा रकाना असतो. काका ‘आढळत नाही’ लिहायला निघाले होते. मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, माझ्या सांगण्यावरून मुळासकट काढली.

माया उरली असेल तर राहू दे.

तुझी ठमी