गोठ्यातली थाळी

आई,

तुले अन् बाबाले आधी माहा जयभीम. धनराजदादाकडे एटापल्लीले मी बरी आहो. फोनवर तू स्पीकर लावते अन् सारं घर ऐकते, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली.

दादानं मले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं सारं अंग तपासलं. मंग डोळे मिटायले लावून कोपरावरच्या चट्ट्याले कापूस लावला. लागला का नाई, ते मले सांगाचं होतं. दरवेळी मले कळलं. तू म्हणत होती तो महारोग नोहे, आई. हा इसब आहे, कोणाले लागत नाई.

कडुलिंबाचं कढत पाणी अन् दगडानं घासणं बंद सांगितलं. त्यानंच कातडी सोलली. आता कोमट पाण्यानं आंघोळ करतो अन् अंग ओलं असतानाच मलम चोपडतो. हिवाळ्यात खाज पुन्हा येईल म्हणते, पण सध्या झोप लागते.

तुहे गुडघे कसे आहेत? धानाले पाणी पुरलं काय?

इथी वहिनी माह्याच ग्लासानं पाणी पेते. पहिल्या दिवशी मी तो ग्लास लपवला होता.

तू माही थाळी गोठ्यात ठेवली, हे मी इथी कोणाले सांगितलं नाई. आपल्या आजीच्या ओंजळीत लोकं वरून पाणी टाकत, हे तूच मले रडून सांगे ना?

धम्मचक्र दिनाले आम्ही चंद्रपूरले दीक्षाभूमीवर येतो. दरसालसारखा डब्बा आणजो. माह्यासाठी वेगळी थाळी आणली, तर मी उपाशीच परत जाईन.

तुहीच,
मयुरी