निळ्या चौकड्यांचं कापड

प्रिय रोरी,

पाकीट उघडताना निळ्या चौकड्यांच्या कापडाचा एक तुकडा बाहेर पडेल. तो उचलून बाजूला ठेव. त्याची हकिगत सावकाश सांगते.

बटाट्यांची सुट्टी संपली एकदाची. हल्ली कुणाची पोरं शेतात बटाटे काढायला जात नाहीत, पण सुट्टी काही कुणी रद्द केलेली नाही, आणि ती सगळी पोरं आमच्या रानात सोडलेली असतात. सकाळी गाडीतळाचं फाटक उघडायचं, चिखलात रुतलेल्या बाबागाड्या ओढून काढायच्या, खार दिसली नाही म्हणून रडणाऱ्यांची समजूत घालायची, सापडलेले हातमोजे कुंपणाच्या खुंटांना घालून ठेवायचे. संध्याकाळी फाटक लावायला जाते तर सगळं कुंपण हात वर करून उभं. तासाभराची वाट, लहानग्यांना झेपेल अशी, पिवळ्या पट्ट्याचे खांब पाहत चाललं तर कुणीही हरवणार नाही, असं तिथल्या पाटीवर लिहिलंय. खरंच आहे ते. जिथून निघालात तिथेच आणून सोडते ती वाट, आणि ती जागा म्हणजे आईच्या खिडकीखाली.

ऑगस्टमध्ये तू शोना आणि मुलांना घेऊन आला होतास. फिरून आलात, सूप प्यायलात, आणि जाताना गाडीची काच खाली करून तू मला म्हणालास की एफी, तुझी मजा आहे बाबा, लोक इतक्या लांबून जिथे येतात तिथे तू राहतेस. मी मुलांच्या हातात वाटेत खायला स्कोन दिले. तुझी गाडी वळणाआड गेली आणि पाठोपाठ आईने काठी आपटल्याचा आवाज आला. दोनदा म्हणजे चहा, तीनदा म्हणजे खिडकीखाली कुणीतरी मूर्खपणा करतंय, ये आणि बघ. तुझी गाडी पाच तासांत घरी पोचते. मी रोज चालते आणि कुठेच पोचत नाही, घाण्याच्या बैलासारखी.

राग नको मानूस. आई वाईट नाही. तिच्यासारखं हसवणारं माणूस अख्ख्या गावात सापडणार नाही. चर्चची नवी मिनिस्टरीणबाई भेटायला आली तर तिला आई म्हणाली, "या, बसा. देवाला सवड नव्हती वाटतं?" पण कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती त्या खुर्चीतून हललेली नाही. डॉक्टर म्हणतात खुब्याचा सांधा झकास बसलाय. व्यायाम शिकवायला ती मुलगी येते, तिला आई म्हणाली की एवढं सोपं असेल तर तूच चाल. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर दोघी आल्या आणि दोघी रडत गेल्या. मग राहिली कोण?

ॲनाग आठवते ना, माझ्या वर्गातली? वेस्ट्रे बेटावर वसतिगृह चालवते. दर हिवाळ्यात विचारते, स्वयंपाकाला येतेस का. या वेळी तिने सांगून टाकलं की हे शेवटचं, नोव्हेंबरातल्या मार्टिनमासच्या आत हो की नाही ते कळव, नंतर मी दुसरी बघेन. रोरी, मी तिथे एकदाच गेले होते, शाळेच्या सहलीला. अख्ख्या बेटावर झाड म्हणून नाही. दारात उभं राहिलं की थेट क्षितिज, मध्ये काही येत नाही. इथे मला माझ्या खिडकीतून लार्चची झाडं दिसतात, त्यांच्या मागे आणखी लार्च. त्यांची पानं पिवळी झाली की लोक हरखून फोटो काढतात, आणि माझा मात्र श्वास कोंडतो. हे मी कुणाला सांगायचं? रानात राहून रान नको म्हणणारी बाई, लोक वेडी म्हणतील.

आता झऱ्याचं सांगते. चिंध्यांच्या झऱ्यापाशी इतकं प्लास्टिक लोंबायला लागलं होतं की झाडं मरायला टेकली. येणारे-जाणारे दुखणं जावं म्हणून हाताला येईल ते फांद्यांना बांधतात, पायमोजे, पिशव्या, एकदा तर अख्खी छत्री होती. आई खिडकीतून ओरडायची त्यांच्यावर. लोकर, ताग नाहीतर सुती, बाकी काही चालणार नाही, कापड कुजलं तर दुखणं जाणार, आणि तुमचं हे नायलॉन मला पुरलं तरी कुजायचं नाही! एवढं सगळं ती त्यांना ऐकवायची. शेवटी रानसमितीच्या मिसेस प्रेंटिसनी ठरवलं की न कुजणारं सगळं काढून टाकायचं. त्या दक्षिणेकडच्या, त्यांना काय ठाऊक. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ठरलेल्या दिवशी अख्ख्या गावाची पाठ दुखायला लागली. विली मन्रो ट्रॅक्टर घेऊन आला तो फाटकाशीच थांबला, म्हणे इंजिन बंद केलं तर परत चालू होणार नाही. दुसऱ्याची चिंधी हातात घेतली की त्याचं दुखणं आपल्याला लागतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मिसेस प्रेंटिसना नेमकं त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मग राहिली कोण?

मी कोळशाचा चिमटा घेऊन गेले. हसू नकोस, तूही तेच केलं असतंस. चिमट्याने एकेक चिंधी सोडवत होते आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, वाकड्या रोवनच्या फांदीवर, मला निळ्या चौकड्या दिसल्या. आई मासळीच्या दुकानात कामाला असताना घालायची तो झगा. ऑपरेशनच्या आधी तिनेच माझ्या हातात तुकडा कोंबला होता, जा, माझ्या कंबरेसाठी बांधून ये, म्हणून. पाऊस कोसळत होता, मी तो न बघताच भिजवला आणि बांधला. आजूबाजूची सुती कापडं कधीच गळून मातीत गेलीत, आणि हा जसाच्या तसा, रंगसुद्धा उडालेला नाही. शुद्ध नायलॉन. जगाला ओरडून सांगणाऱ्या आपल्या आईने दिलेलं. चिमटा मी खाली ठेवला आणि तो हाताने सोडवला.

घरी येऊन चहाच्या किटलीशेजारी ठेवला. आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"नायलॉन आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला. मीच फाडलाय."

"का पण?"

खिडकीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "सुती दिलं असतं तर दोन हिवाळ्यांत कुजलं असतं. मग कशाच्या जोरावर तुला ठेवून घेतलं असतं मी?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. नाही ओरडले. तेच कापड इतकी वर्षं माझ्या गळ्याभोवती बांधलेलं होतं असं वाटलं, आणि त्याच वेळी तिची भयंकर दया आली. एवढी तोंडाळ बाई, आणि एकटं राहण्याला इतकी घाबरते. पण दया आली म्हणून गाठ सैल होत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. तिला माझा चेहरा वाचता येतो. लगेच जीभ सावरून म्हणाली, "आता तू काढलंयस. कंबर तुझी झाली, बघून घे."

"मग चहा तूच कर," मी म्हटलं, आणि तिच्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसून राहिले.

तिने काठी दोनदा आपटली. मी हलले नाही. खाली कुणाचं तरी पोर खार, खार म्हणून नाचत होतं, त्याच्यावर ओरडायचंही तिला सुचलं नाही. मग ती उठली. टेबलाची कड धरून, काठीशिवाय, शेगडीपर्यंत चालत गेली, रोरी. चहा केला. काळाकुट्ट झाला होता. माझ्यासमोर कप आदळून म्हणाली, साखर हवी तर उठून घे, मी मोलकरीण नाही. त्यानंतर आम्ही दोघीही रडलो, पण तोंडं दोन दिशांना करून.

ॲनागला मी हो कळवलंय. मार्टिनमासला पूर्वी गडीमाणसं जुनी चाकरी सोडून नवी धरायची, मीही त्याच दिवशी जाते आहे. आईला सांगितलंय. ती म्हणाली, रोरीला येऊ दे, बघू किती दिवस टिकतो. तू इथे येऊन राहा किंवा तिला तुमच्याकडे ने, शोनाशी बोलून ठरव, मी काही सुचवणार नाही. ती चालते, हे तुला आता माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. फाटकाची किल्ली दाराच्या आतल्या खिळ्यावर असेल. जमणार नाही, असं तू पत्र अर्धं वाचल्यापासून मनात जुळवत असशील, मी ओळखते तुला. पण आईची ती चिंधी सुरुवातीलाच उचलून बाजूला ठेवलीस ना? हातानेच ना?

तुझीच,
एफी