दसऱ्याची दोन लिंबं

बाबा, आज सकाळच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आहेत. विमानतळावर सामानाची गाडी उभ्या विमानाला घासली, उड्डाण रद्द झालं, चालकाला निलंबित केलं. कारण काय, तर चालकाचा हलगर्जीपणा. त्याला पुढे घे म्हणून कोणी खुणावलं, किती घाई लावली, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. चहा निवला तरी मी त्या चार ओळींपाशीच बसले आहे.

महाराष्ट्र व्हायला अजून अवकाश होता, मी कॉन्व्हेंटात आठवीत होते आणि तुम्ही विमानतळावर सामानाची लॉरी चालवत होता. अंधेरीच्या आपल्या चाळीत काय ऐट होती तुमची. डाकोटा विमानाचा पत्रा थोपटला तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो, इतका पातळ, असं तुम्हीच सांगायचात. म्हणून विमानाजवळ लॉरी लावली की चाकांपुढे लाकडी ठोकळे घालायचेच. त्या दसऱ्याला तुमच्या सुपरवायझरने लॉरीला झेंडू बांधले, नारळ फोडला, आणि मुहूर्त टळतोय म्हणून विमानापाशी उभ्या लॉरीचेच ठोकळे काढून तिथे दोन लिंबं ठेवली. तुम्ही म्हणालात, आधी मागे घेतो, लिंबं मोकळ्यावर चिरडू. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी गाडी मागे घेतोस? वीतभर पुढे घे, झालं." तुम्ही घेतलीत. क्लचवरून पाय निसटला आणि शेपटीजवळच्या पत्र्याला ताटाएवढा पोचा पडला.

एवढ्याने काय होतंय, उडू दे, असं बाकीचे म्हणत होते. तुम्ही स्वतः जाऊन इंजिनिअरला सांगितलंत. आत माणसं बसायची होती, एवढंच आईला सांगितलंत.

साहेबाने इंग्रजीत लेखी खुलासा मागितला. घरात इंग्रजी येत होतं मला एकटीला. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून सांगता आहात, मी डब्यावर कागद ठेवून लिहिते आहे. "खरां ता सगळां लिही, बाय," तुम्ही म्हणता. "ठोकळे मी काढूक नाय." मी वाचून दाखवते. त्यातलं अक्षर न कळता तुम्ही मान डोलावता आणि सही करता.

महिन्याभरात लॉरी गेली. ज्या पेट्या लॉरीतून न्यायचात त्या पाठीवर उचलायला लागलात, आणि पाठ कायमची गेली. त्या सुपरवायझरला मी जन्मभर शिव्या घातल्या. भित्रा, कोडगा, अवाक्षर बोलला नाही. अजूनही तसंच म्हणते. पण त्याला कोणी काही विचारलंच नसणार, कारण कागदावर तो नव्हता. ठोकळे नव्हते, लिंबंही नव्हती. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आमच्या दंडावरच्या गंड्यांना हसायच्या. लिंबं वाचून साहेबही हसेल, माझ्या वडिलांना अडाणी म्हणेल, याची मला लाज वाटली. त्याऐवजी मी तुमच्या तोंडी एक सफाईदार वाक्य लिहिलं, की गाडी माझ्या हातून सुटली. पुढे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलींनी मुद्दा गाळला की निम्मे मार्क कापले.

हे मराठीत लिहिते आहे, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून. तुम्ही गेलात, आता पत्ता कुठला घालणार, तेव्हा त्या पेपरातच गुंडाळून कपाटात ठेवीन. सही करण्याआधी तुम्ही एकदाच विचारलं होतंत, "लिंबांचां लिवलंस मा गो?"

मी हो म्हटलं होतं.